गिलक्याचा साबण

माझ्या मुलीला खाज सुटायची.

हे वाचून कुणाला हसू आलं तर येऊ दे. मलाही आलं होतं. फोनवर ती म्हणाली, "आई, बाकी सगळं सोसतं गं, ही खाज सोसत नाही." मी म्हटलं, "मग खाजव की." तिने फोन ठेवून दिला. तिची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. आठवड्यातून तीन वेळा हॉस्पिटलात जाऊन डायलिसिसच्या मशीनवर पडून राहावं लागत होतं, आणि ही बाई खाजेचं घेऊन बसली होती. मला वाटलं, मोठं दुखणं बोलवत नाही म्हणून बारीक सांगते. चंदीगडला येऊन तिच्याजवळ राहिल्यावर कळलं, तिचं मोठं दुखणं तेच होतं.

तिने बोलावलं नव्हतं. मीच आले. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, गावात माझं अडून राहिलं असं काही नव्हतं. घराला कुलूप लावलं, विळी आणि बियाण्याची पुरचुंडी पिशवीत टाकली आणि गाडीत बसले. मूत्रपिंड द्यायलाही तयार होते. पण वय बघितलं, रक्तात साखर निघाली, आणि डॉक्टर नको म्हणाले. म्हणजे द्यायला माझ्याकडे हातपायच उरले.

मुलगी युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्र शिकवायची. लग्न केलं नाही. एका सेक्टरात कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होती. खाली घरमालकीण, माझ्याच वयाची पंजाबी बाई, तीही एकटी. मुलं कॅनडात. ती मला भैणजी म्हणायची, मी तिला भैणजी म्हणायचे. तिला मराठी येत नव्हतं आणि माझं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं. तरी आमचं चाललं.

खाज कशी होती ते सांगते. गावात म्हैस खांबाला अंग घासते, तशी ती दाराच्या चौकटीला पाठ घासायची. जेवताना हातातला घास तसाच ठेवून मानेकडे हात जायचा. कंगव्याचा पाठचा भाग, स्टीलची फूटपट्टी, स्वेटर विणायची सुई, असलं काहीबाही घरभर पडलेलं असायचं. मी आवरून ठेवायचे, ती परत काढायची. भर उन्हाळ्यात, इथली लू वाहत असताना, पूर्ण बाह्यांचा कुडता घालून शिकवायला जायची. मुलांना हात दिसू नयेत म्हणून. मलमं झाली, गोळ्या झाल्या. डॉक्टर म्हणत, खाज कातडीची नाही, रक्तातली आहे. मशीन रक्त धुतं, पण मूत्रपिंडं धुतात तसं धुवत नाही. काही घाण मागे राहते, ती अशी छळते.

मला ते कळलं, पण पटलं नाही. आमच्याकडे खान्देशात अंघोळ म्हणजे घासणं. पाणी ओतून कोरडं होऊन बाहेर आलं तर त्याला कावळ्याची अंघोळ म्हणतात. न्हाणीत खिळ्याला वाळलेल्या गिलक्याची, पुण्यामुंबईकडे घोसाळं म्हणतात त्याची, जाळी टांगलेली असायची आणि खाली टाचांसाठी दगड. पोरांची पाठ लाल झाली की अंघोळ झाली असं समजायचं. ही इथे काय करते, तर साबण नको, घासणं नको, कोमट पाणी अंगावर घेऊन टॉवेल टिपून बाहेर. मी म्हटलं, खाज सुटणार नाही तर काय होईल.

"चल, पाठ घासून देते," मी म्हणायचे.

"नको."

"मी काय परकी आहे? तुला न्हाऊमाखू घातलंय."

"तेव्हा मी दोन वर्षांची होते. आता पन्नाशी आली."

आणि न्हाणीघराची कडी आतून लागायची. आत पाण्याचा आवाज कमी आणि नखांचा जास्त यायचा. मी बाहेर उभी राहायचे. तिची पाठ मी आल्यापासून एकदाही पाहिली नव्हती. तिच्या अंगाला हात लावून तिला दोन घटका बरं वाटेल असं काहीतरी करायचं, एवढीच गोष्ट मला पाहिजे होती. बाकी काही होणार नाही हे मला कळत होतं. मी चौथी शिकलेली आहे, खुळी नाही.

मागच्या आंगणात घरमालकिणीने भिंतीला लोखंडी जाळी लावलेली होती. थंडी सरल्यावर मी तिथे गिलक्याचं बी टोचलं. इथे याला तोरी म्हणतात. वेल उन्हाळ्यात चढला आणि पावसात माजला. घरमालकिणीला वाटलं भाजीसाठी लावलाय. भाजी झालीच, भजीही झाली, गिलक्याची भजी पहिल्यांदाच खाल्ली असं तिने मला सांगितलं. पण मला भाजी नको होती. मला जाळी पाहिजे होती, आणि जाळीसाठी गिलकं वेलावरच जून व्हावं लागतं, पिवळं पडून, मग तपकिरी होऊन, हलवलं की आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. इथे तोरी बोटाएवढी झाली की तोडतात. म्हणून मी चांगली लांब फळं निवडली आणि प्रत्येकाच्या देठाला लाल चिंधी बांधली. आमच्याकडे बियाण्याला ठेवलेल्या फळाला चिंधी बांधतात, म्हणजे घरातलं कुणी तोडत नाही. जुन्या पोलक्याची चिंधी होती.

दोन दिवसांनी बघते तर प्रत्येक चिंधीशेजारी पूजेचा लाल-पिवळा दोरा बांधलेला.

मी खाली हाक मारली. घरमालकीण हात पुसत आली. हळूच म्हणाली, "बेटी के लिए मन्नत बांधी है ना आपने? मैंने भी बांध दी. दो माँओं की सुनेगा."

"मन्नत नहीं भैणजी, बीज है. बीज का तोरी है."

"हां हां," ती म्हणाली. "बतानी नहीं चाहिए. ठीक है." आणि माझा हात दाबून आत गेली.

त्यानंतर ती रोज सकाळी आंघोळ करून वेलाला पाणी घालायची आणि हात जोडायची. माळ्याला ताकीद दिली, कुणी हात लावायचा नाही. दिवाळी झाली. गिलकी तपकिरी झाली, वाळून हलकी झाली, मी तोडायला गेले तर ही बाई आडवी आली. मन्नत पुरी झाल्याशिवाय सोडायची नसते म्हणाली.

"पूरी हो गई?" तिने माझ्याकडे निरखून बघत विचारलं.

मी म्हटलं, "हो गई." त्याशिवाय तिने तोडू दिली नसती. तिने डोळ्यांना ओढणी लावली, मला मिठी मारली आणि शेजारपाजारी वाटायला बर्फी आणली. मी ती बर्फी खाल्ली. चांगली होती.

गिलकी पाण्यात भिजवून सालं काढली, बिया झटकल्या, उन्हात वाळवली. पांढरी, लांब जाळी निघाली. संध्याकाळी मुलीपुढे टेबलावर ठेवली. ती डायलिसिसहून आली होती, मशीनच्या दिवशी तिचा चेहरा वाटाण्याच्या सालासारखा फिका व्हायचा.

"हे काय?"

"तुझी पाठ घासायला."

मला वाटलं चिडेल. पण तिने एक जाळी उचलली, बोटांनी दाबली, मग मनगटावर एकदा ओढून बघितली आणि डोळे मिटले. मग म्हणाली, "नुसत्या जाळीने सोलून निघेन मी. साबणात बसवली पाहिजे. दुकानात मिळतात तशा चकत्या. साबण झिजेल तशी जाळी थोडी थोडी वर येते, एकदम टोचत नाही." जाळी परत टेबलावर ठेवत म्हणाली, "बाजारचा साबण नको. त्याच्या वासानेच खाज वाढते. आपण करू."

"साबण मला येतो," मी म्हटलं. खरंच येत होता. आमच्या गावात महिला मंडळात शिकवला होता, कपड्यांचा. कॉस्टिक सोडा, उरलेलं तेल, आणि अंदाज.

"तुझ्या अंदाजाने कपड्यांना भोकं पडली असतील," ती म्हणाली. पडली होती.

कॉस्टिक आणायला मी मनीमाजऱ्याला गेले. तिथे जुन्या बाजारात असल्या वस्तू मिळतात. दुकानदाराने पुडा बांधता बांधता विचारलं, "माताजी, नाली जाम है?"

"नहीं, बेटी को नहलाना है."

त्याने पुडा परत आत घेतला. मला साबण, तेल, तोरी, सगळं हातवारे करून सांगावं लागलं. शेवटी बाजूच्या गिऱ्हाइकाने त्याला पंजाबीत समजावलं, तेव्हा दिला, तोही शंकेनेच. मुलीला घरी येऊन सांगितलं तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

रविवारी बेत केला. रविवारी मशीन नसायचं. ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली, मांडीवर शाल, आणि मला कामाला लावलं. मी सोड्यासाठी जर्मनचं पातेलं काढलं तशी ओरडली, "ते नको! अॅल्युमिनियम आहे ते. फसफसून वर येईल, भांडं खाऊन टाकेल. स्टील घे." मी स्टील घेतलं. महिला मंडळात आम्ही मातीच्या कुंडीत करायचो, त्यामुळे मला हे माहीतच नव्हतं. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, एवढं मात्र येत होतं, ते मी तिला आधी सांगून टाकलं. "पास," ती म्हणाली.

खोबरेल थंडीने गोठलं होतं, ते उन्हात ठेवून पातळ केलं. त्यात थोडं तिळाचं आणि चमचाभर एरंडेल. सगळं तिने काट्यावर तोलून घेतलं. सोड्याचं पाणी आपोआप तापलं, खिडकी उघडून निववलं, मग तेलात धार धरली. मी रवीने घुसळायला लागले. ताक करतो तसं. ती म्हणाली, "मिक्सर घे, हात मोडतील." मी म्हटलं, "तू बस गप." घुसळता घुसळता तेलाचा रंग बदलला, पांढरट झाला, आणि मग दाटला.

"आता कसं दिसतंय?" तिने मान लांब करून विचारलं.

"पिठल्यासारखं."

"वर रेघ ओढ. राहते का?"

"राहते."

"झालं मग. ओत."

पाण्याच्या बाटल्यांची वरची बाजू कापून ठेवली होती. एकेका बाटलीत एकेक गिलकं उभं केलं आणि साबण ओतला. गिलक्याने तो पिऊन घेतला, परत ओतला. तिने हातात जाड मोजे चढवून शेवटची बाटली स्वतः भरली. कपाळावर घाम आला होता. पण त्या सकाळी तिने एकदाही पाठ खाजवली नाही, हे मी पाहिलं. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आठवलं असतं.

साबण बसल्यावर बाटली फाडून काढली आणि विळीवर चकत्या केल्या. सुरीने जाळी कापत नाही, विळीने कापते. गिलक्याच्या चकतीला तीन भोकं असतात, त्यात साबण भरलेला, कडेने जाळीची नक्षी. दिसायला देखणं झालं होतं. फळीवर कागद पसरून मांडलं.

"आता दीड महिना थांबायचं," ती म्हणाली. "आतला सोडा मुरला पाहिजे, नाहीतर भाजेल."

ते थांबणं वाईट होतं. थंडी वाढली, कातडी कोरडी पडली आणि खाज दुपटीने आली. खिडकीबाहेर दुपारपर्यंत धुकं. ती फळीकडे बघायची आणि मी तिच्याकडे. एकदा मी म्हटलं, "एखादी चकती घेऊन बघू." ती उठली, चकतीला जिभेचं टोक लावलं आणि तोंड वाकडं केलं. "अजून चावतोय." मग दर चार दिवसांनी ती जीभ लावून बघायची. हे तिने मला शिकवलं, मीही लावून बघायला लागले. दोघी साबण चाटत होतो. घरमालकिणीने एकदा पाहिलं आणि काही न विचारता खाली गेली.

मग एके दिवशी तिने जीभ लावली आणि म्हणाली, "नाही चावत."

त्या दिवशी ती न्हाणीघरात गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला नाही. मग आतून म्हणाली, "येतेस ना? पाणी निवतंय."

ती स्टुलावर पाठ करून बसली होती. तेव्हा मी तिची पाठ पाहिली. मी वर्णन करणार नाही. जुन्या जखमांवर नव्या होत्या, एवढं पुरे. मी चकती ओली केली, हातात फेस केला आणि मानेखाली लावली. हलकेच फिरवली. तिच्या तोंडून असा आवाज आला की मी हात उचलला.

"दुखलं?"

"नाही. थांबू नकोस."

मी घासलं. साबण मऊ लागत होता, त्याखालून जाळी जरा जरा लागत होती, जसं तिने सांगितलं होतं तसंच. "अजून," ती म्हणाली. "जरा जोरात. उजवीकडे. खाली. तिथे, तिथे, आई, तिथेच." ती डोकं गुडघ्यांवर टेकवून बसली होती. पाणी वाहून जात होतं आणि ती 'अजून' म्हणत होती. मी अजून घासलं. पाठ लाल झाली. आमच्याकडे त्यालाच अंघोळ झाली म्हणतात.

बाहेर येऊन ती पांघरुणात शिरली आणि झोपली. दुपारी झोपली ती दिवे लागेपर्यंत. हात छातीवर, बोटं मोकळी. मी शेजारी बसून वाटाणे सोलले. इतकी शांत झोपलेली मी तिला कित्येक महिन्यांत बघितली नव्हती. त्या दुपारी मला वाटलं, जिंकले.

सकाळी चादरीवर रक्ताचे डाग होते. सगळ्या पाठीचा आकार चादरीवर उमटला होता.

मशीनवर असताना रक्त गोठू नये म्हणून औषध देतात. त्यामुळे तिच्या अंगातून रक्त निघालं की लवकर थांबत नसे. हे मला माहीत नव्हतं. तिला होतं. पण तिने तेव्हा 'बस' म्हटलं नाही, कारण तिला बस नको होतं. एवढी शिकलेली बाई, काट्यावर सोडा तोलणारी, पाठीला हात लागल्यावर तिला काही आठवलं नाही. मी तिला दोष देत नाही.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती, नागपूरकडची. मला आजी म्हणायची. पाठ बघून तिने मला पडद्याबाहेर घेतलं.

"आजी, हे काय करून ठेवलं?"

"घासलं."

"कशाने?"

"गिलक्याने."

ती एक क्षण हसलीच. तिच्याही घरी खिळ्याला टांगलेलं असणार. मग तोंड कडक करून म्हणाली, "त्यांच्या अंगावर एक ओरखडा म्हणजे घराचं दार उघडं टाकणं आहे. जंतू आत गेले ना, मला काही करता येणार नाही. घासायचं नाही. अजिबात नाही. हाताने साबण लावा, पाणी घाला, टिपा."

"तिला बरं वाटतं त्याने."

"वाटत असेल, आजी. पण नाही."

मी घरी येऊन सगळ्या चकत्या पिशवीत भरल्या आणि खाली घरमालकिणीकडे ठेवायला दिल्या. मुलीने रात्रीच्या जेवणाआधीच फळी रिकामी पाहिली.

"कुठे आहेत?"

"नाहीत."

"आई, आण."

"नाही आणणार."

"तू माझी आई आहेस की त्या डॉक्टरणीची?"

"तुझी आहे म्हणून नाही म्हणते."

"जंतू गेले तर जातील. मी अशी किती जगणार आहे?" ती ओरडायला लागली. "ही पाठ तुझी नाही! तुला एक दिवस दिली असती ना ही, तर तू किसणी घेऊन बसली असतीस!"

खरं होतं. मी बसले असते. पण मी आणल्या नाहीत. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात गेली, कडी लावली नाही. मी गेले. तळहातावर साबण घेऊन, बोटंसुद्धा न वळवता, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"हाताने काही होत नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुझे हात पण पूर्वी किती खरखरीत होते. आता मऊ झाले. काम करत नाहीस का?"

"तुझ्याकडे भांड्यांना बाई आहे. मला कोण काम देतं?"

मग रोज असंच. ती आत यायला द्यायची. तिच्या अंगाला हात लावायचा होता, तो रोज लागत होता. पण ज्यासाठी लावायचा होता ते करता येत नव्हतं. कधी ती पाठ माझ्या तळव्यावर दाबायची, आणि मी हात मागे घ्यायचे. माझ्या आयुष्यात मी कष्टाची कामं केली आहेत, विहिरीतून गाळ काढलाय. हात मागे घेण्याइतकं जड काम केलेलं नाही. मी बरोबर वागले की चूक, हे मला कुणी विचारलं नाही. मीही विचारत बसत नाही.

संक्रांत झाली. मशीनवर असताना तिचा रक्तदाब खाली जायला लागला. हृदय थकलं होतं. मशीन सुरू केलं की ती गळून जायची, बंद केलं की अंगात पाणी भरायचं. जंतूंचं काही नव्हतं. पाठीच्या जखमा भरून आल्या होत्या. दार मी बंद ठेवलं होतं, ते दुसरीकडून उघडलं.

त्या डॉक्टरणीने मला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. म्हणाली, "आजी, मशीन आता त्यांना झेपत नाही. त्यांच्याशीपण मी बोलले आहे. त्यांना घरी जायचं आहे. घेऊन जा. आता पथ्य नाही. त्यांना जे हवं ते द्या. पाणी, फळं, लोणचं, जे मागतील ते."

मी विचारलं, "घासू?"

तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"घासा," ती म्हणाली.

तेव्हा मला सगळं कळलं. त्याआधी तिने जे सांगितलं होतं ते ऐकलं होतं, पण कळलं या एका शब्दाने.

घरी आणून तिला खाटेवर झोपवलं. मी खाली जाऊन पिशवी मागितली. घरमालकिणीने न विचारता दिली आणि दारातच उभी राहिली, वर आली नाही. मी पाणी तापवलं, बादली खाटेशेजारी आणली, चादरीखाली प्लास्टिक घातलं, टॉवेल गरम केले. चकती पाण्यात भिजवली. इतके दिवस ठेवल्याने साबण मुरून उत्तम झाला होता, लगेच दाट फेस आला.

तिने डोळे उघडले. "काय करतेस?"

"पाठ घासते. चल, कुशीवर हो."

"आणि डॉक्टर?"

"तीच म्हणाली, घासा."

ती हुशार होती, तिला सांगावं लागलं नाही. मग तिने हात चादरीतून काढून माझ्या ओल्या मनगटावर ठेवला.

"आता खाजत नाही, आई."

"उगाच सांगू नकोस. मी जोरात घासेन. पाहिजे तेवढं."

"खरंच नाही खाजत. काल सकाळपासून. तुला सांगणार होते."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

मी तिच्या दंडाकडे पाहिलं, मानेकडे पाहिलं. नव्या खुणा नव्हत्या. वर्षभर मी त्या खाजेशी भांडत होते. ती आपली आपण निघून गेली होती, आणि मला वाटलं, परत यावी. आत्ता यावी, मोठी यावी, हिने मला शिव्या द्याव्यात आणि फूटपट्टी मागावी.

तिचे डोळे मिटायला लागले होते. त्यानंतर ती दोनच दिवस होती, बहुतेक झोपेतच. पण त्या दुपारी जागी होती. मी चकती बाजूला ठेवली. पाणी तापलेलंच होतं, ते कशाला वाया घालवायचं. मी पांघरूण पायाकडून उचललं आणि तिचे पाय बादलीतल्या पाण्याने, नुसत्या हाताने धुतले. पायांवर सूज होती, बोट दाबलं की खळगा राहत होता. बोटांच्या बेचक्यांत पुसलं.

"गरम आहे," ती म्हणाली.

"जास्त झालं?"

"नाही. असू दे."

मी पाय कोरडे केले आणि लोकरीचे मोजे घातले. थंडी फार होती त्या दिवशी.